बाजूची सीट

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुंगी घरी सुखरूप पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. फोन मीच उचलला नाही. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि मी नुसता हूं हूं करत बसतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. शिवाय पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तुझ्या लेकीने तुला किती सांगितलं ठाऊक नाही. परवा रविवारी आमच्या मेकॅनिकला निरोप द्यायचा होता. माझ्या ड्रायव्हिंग शाळेच्या दोन्ही गाड्यांना शिकवणाऱ्याच्या बाजूने दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच बसवून देणारा हाच तो. आता हात थरथरतात म्हणून त्याने काम सोडलं. गॅरेजमध्येच दुपारचं जेवण होतं, दोन पिंपांवर फळी टाकून टेबल केलेलं. मुंगीचा सराव व्हावा म्हणून जाताना गाडी तीच चालवत होती. तिथे मी तीन ग्लास घेतले आणि चौथा अर्धा. खोटं कशाला सांगू?

पण ताई, मी शुद्धीवर होतो आणि शहाणपणानेच वागलो. निघताना मेकॅनिक म्हणाला की गाडी इथेच राहू दे, रिक्षाने जा. मी त्याला हसून म्हटलं की मी कुठे चालवणार आहे, भाची चालवेल, तीन आठवड्यांत तिचा हात चांगला बसलाय. किल्ली तिला दिली आणि मी बाजूच्या सीटवर बसलो. पिऊन गाडी चालवू नये म्हणतात, तर मी चालवली नाही. याहून माणसाने आणखी काय करायचं?

पाण्याच्या टाकीजवळचा उतार उतरताना एक घड्याळजी रस्ता ओलांडत होते. पट्ट्यांवरूनच. गाडीचा वेग सायकलीएवढा असेल, पण थांबली नाही. ते पडले. उजवं मनगट मोडलं, गुडघा सोलवटला. मुंगीने उडी मारून त्यांचा हात छातीशी बांधला आणि पाणी पाजलं. पोलीस आले तेव्हा आम्ही दोघं रस्त्यावर त्यांच्याशेजारी बसलो होतो. दोघांनाही नळीत फुंकायला लावलं. मुंगीचा आकडा शून्य. माझा मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मी म्हटलं, ती शिकतेय, मी शिकवतो. त्यावर साहेब म्हणाले की शिकाऊ माणसाबरोबर जो शिकवायला बसतो त्याच्या ताब्यात गाडी आहे असंच कायदा धरतो, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा तुमच्यावर. मी हुज्जत घातली. ते शांतपणे लिहीत राहिले आणि माझं लायसन्स तिथल्या तिथे काढून घेतलं.

मुंगी फार घाबरली होती, म्हणून तिचा जबाब ३१ तारखेला घेणार आहेत. तोवर तिला गरम गरम खायला घाल आणि फार खोदून विचारू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण तुझा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
बारकू

•

९ मार्च

चि. बारकूस,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला आहे, लगेच हुरळून जाऊ नकोस.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्यात तू शहाणपणानेच वागलास असं लिहिलं आहेस, त्या ओळीवर प्रत्येक वेळी माझं डोकं फिरलं. सेहेचाळिसाव्या वर्षी, पोट सुटल्यावर, बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवून झाल्यावर तू साडेतीन ग्लास पितोस आणि माझ्या पोरीला तीन आठवड्यांच्या अनुभवावर उतारावर गाडी हाणायला लावतोस. त्या मेकॅनिकला, ज्याचे हात थरथरतात, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळलं. घड्याळजींच्या मनगटाबद्दल तू एक ओळ लिहिलीस आणि स्वतःच्या हुज्जतीबद्दल तीन. त्यांची बोटं हलताहेत का? ते बरे आहेत का? जाऊन बघून आलास का?

इकडे कामात माझं लक्ष नाही. तुला माहीत आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत मी एकटी चष्म्याच्या काचा घासत असते आणि आजवर वर्षाला एखादी काच फुटली असेल नसेल. या आठवड्यात दोन फोडल्या. मालक नुसते चष्म्यावरून बघत राहिले, आणि ते फार लागलं.

मुंगी बोलत नाही. जेवायला बसते, ताटातलं इकडचं तिकडे करते, आणि टेबलाखाली तिचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला असतो. मी दोनदा पाहिलं. हिचे बाबा असते तर त्यांनी हसवून बोलतं केलं असतं. मला ते जमत नाही, मी नुसती आणखी एक पोळीसारखा आग्रह करत राहते.

आणि नेमकं बुधवारी तिचं ॲम्ब्युलन्स सेवेचं पत्र आलं. निवड झाली आहे, एक जूनपासून हजर व्हायचं. अकरा महिने प्रथमोपचार शिकली त्याचं चीज झालं. एरवी तिने सगळी गल्ली डोक्यावर घेतली असती. या वेळी पत्र वाचलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं.

आता एक सरळ विचारते, सरळ उत्तर दे. तुझ्या पायाशी दुसरा ब्रेक होता. तू सगळ्यांना सांगत फिरतोस की माझ्या गाडीत शिकाऊ माणूस चुकला तरी गाडी चुकत नाही. मग ती थांबली का नाही? हे तू पत्रात लिहिलंच नाहीस.

काळजीने अर्धी झालेली,
तुझी ताई

•

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान गरम झाले. लहानपणी पिळायचीस तेव्हाही इतके होत नसत.

काल वकिलांकडे गेलो होतो. त्यांचं ऑफिस एका केशकर्तनालयाच्या वर आहे, खालून कात्रीचा आवाज सतत येत असतो, आणि त्या आवाजात त्यांनी मला माझी शिक्षा वाचून दाखवली. पिऊन गाडी चालवणं आणि त्यात माणूस जखमी होणं, दोन्ही मिळून सहा महिन्यांपर्यंत कैद. दंड वेगळा, घड्याळजींच्या उपचाराची भरपाई वेगळी. लायसन्स तीन वर्षं रद्द, त्यानंतर पुन्हा शिकाऊ म्हणून परीक्षा द्यायची. हे सगळं मी गिळलं असतं. पण शेवटचं कलम असं आहे की या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाचा शिकवण्याचा परवाना कायमचा जातो. तीन वर्षांसाठी नाही, कायमचा. ताई, मला दुसरं काय येतं? बावीस वर्षं मी फक्त लोकांच्या बाजूला बसलो आहे.

आता वकिलांनी एक वाट काढली आहे. वाचताना एकदम उसळू नकोस. पोलिसांच्या कागदावर मी शिकवणारा आहे एवढंच आहे. मी कुठे बसलो होतो हे कुणी विचारलं नाही, कुणी पाहिलं नाही. घड्याळजींना गाडीच्या नाकाखेरीज काही आठवत नाही. मुंगीने जबाबात एवढंच सांगायचं की मामा मागच्या सीटवर झोपला होता. म्हणजे मी नुसता उतारू. उतारूने पिणं हा गुन्हा नाही. मग मुंगीवर शिकवणाऱ्याशिवाय गाडी चालवल्याचा आणि हलगर्जीचा ठपका येईल, पण ती लहान आहे, पहिलीच चूक, किरकोळ दंड होईल आणि लायसन्स वर्षभर पुढे जाईल. दंड अर्थात मीच भरणार. वकील म्हणतात, तिचं यात काही बिघडत नाही.

तिला अजून सांगू नकोस. आधी तू विचार कर. मी तुला भरीला घालत नाही, फक्त काय होऊ शकतं ते मांडलं.

ब्रेकचं विचारलंस. सगळं क्षणात झालं, काय सांगणार.

घड्याळजींकडे जायचं मनात आहे, पाय निघत नाही. माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
बारकू

•

१८ मार्च

चि. बारकूस,

आशीर्वाद आज लिहीत नाही.

तुझ्या वकिलांना विचार की ॲम्ब्युलन्स सेवेचा अर्ज त्यांनी कधी डोळ्यांखालून घातला आहे का. मी घातला. सातव्या कलमात लिहिलं आहे की गेल्या पाच वर्षांत वाहतुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या उमेदवाराची निवड आपोआप रद्द होईल. किरकोळ दंडसुद्धा चालत नाही. जो माणूस जखमींना घेऊन गाडीत बसणार त्याच्यावर असला डाग नको, आणि खरं सांगायचं तर ते मला पटतं. म्हणजे तुझा परवाना वाचवायला माझ्या पोरीने तिची नोकरी सुरू होण्याआधीच गमवायची. हे तू मांडलंस! वर म्हणतोस भरीला घालत नाही.

आणि आता ऐक. तिला सांगू नकोस म्हणालास, पण पोस्टमनच्या हातून पत्र तिनेच घेतलं. तुझं अक्षर ओळखलं आणि मी दुकानातून येईपर्यंत वाचून पाकिटात परत घातलं. लपवलं नाही, मी चपला काढते न काढते तोच सांगून टाकलं. मामा म्हणतो तसा जबाब मी देणार, असं म्हणाली. मी सातवं कलम तिच्यासमोर धरलं. तिने तेही आधीच वाचलेलं होतं. या वर्षी नाही तर पाच वर्षांनी अर्ज करेन म्हणते. मी ओरडले, रडले, दार आपटलं. ती शांत. वीस वर्षांची आहे, जबाब तिचा, सही तिची. मी काय तिचं तोंड धरू?

तिच्या डोक्यात बसलं आहे की चूक तिची आहे. ते फक्त तू काढू शकतोस. बारकू, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आई गेल्यावर तुझे सदरे शिवले, तुझ्या शाळेच्या गुरुजींच्या पाया पडले, गाडी शिकवायचा धंदा काढतोस म्हणालास तेव्हा सगळ्यांशी भांडले. त्यातलं काही परत नको. फक्त तिला नाही म्हण. एक ओळ लिही, पण तिला लिही.

तुझ्या उत्तरावर जीव टांगलेली,
ताई

•

१९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईला न सांगता लिहिते आहे. सध्या आमच्या घरात कुणाचं पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, म्हणून हे दुपारी पोस्टाच्या बाकावर बसून लिहिलं आणि इथेच टाकते आहे.

तू काळजी करू नकोस. मी सगळं नीट ठरवलंय. तू मागच्या सीटवर झोपला होतास, बूट काढून, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन. घोरत होतास असंही सांगू का? ते तर कुणालाही पटेल. वर्तमानपत्र पोलिसांना गाडीत सापडलं नाही असं म्हणाले तर म्हणेन वाऱ्याने उडालं. आरशासमोर तीन वेळा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा आवाज कापला नाही.

मामा, खरं म्हणजे चूक माझीच होती. तुला माहीत नाही, कारण मी कुणालाच सांगितलं नाही. मला ते काका दिसले होते. चांगले दिसले. पण मी ब्रेक दाबलाच नाही, वाट बघितली. तीन आठवडे रोज असंच झालंय, माझा पाय पोचायच्या आधी तुझा पोचतो आणि गाडी थांबते. तू कधी रागावला नाहीस, नुसतं म्हणायचास की पुढच्या वेळी तू दाब. मला वाटायचं, गाडीच अशी थांबते. त्या दिवशी मी पाय उचलला आणि तुझ्या ब्रेकची वाट बघत बसले. मग फार उशीर झाला. म्हणजे माझ्या हातून माणूस मोडला आणि परवाना तुझा जाणार, हे मला कसं सहन होईल?

ॲम्ब्युलन्स काय, पाच वर्षांनीही असेल. लोक काही पडायचे थांबणार नाहीत. तुझी शाळा एकदा गेली की गेली.

आईला मी समजावेन. ती वरवर तापते, आतून तुझ्यासाठी तिचा जीव तुटतो. मामीला नमस्कार सांग. ३१ ला भेटूच. माझ्यावरचा राग मनात ठेवला असशील तर काढून टाक.

तुझी लाडकी भाची,
मुंगी

•

२३ मार्च

चि. मुंगीस,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मामीला म्हटलं कांदा चिरतेस का, तर ती कपडे वाळत घालत होती.

वकिलांना कळवलं. त्यांना बरं वाटलं. ते म्हणतात की वर्तमानपत्र नको, घोरणं नको. जितकं कमी सांगशील तितकं बरं. मामा मागे झोपला होता, एवढंच. कुणी पुन्हा पुन्हा विचारलं तरी तेवढंच. ३१ ला सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर येईन. तिथून पायी जाऊ.

तुझं हे ऋण मी विसरणार नाही. पाच वर्षांनी तुझ्या अर्जासाठी ज्यांना ज्यांना भेटावं लागेल त्यांना भेटेन. ताईला आत्ताच काही बोलू नकोस. तिला समजायला वेळ लागेल.

तू म्हणतेस चूक तुझी, तर तसं काही मनात आणू नकोस, कुणाचीच चूक नसते कधी कधी.

नेहमीच तुझा,
मामा

•

२७ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुला ३० तारखेपर्यंत मिळायला हवं. मिळालं की आईच्या हातात दे.

आज सकाळी दहाला मी पोलीस ठाण्यात गेलो आणि स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला. मी बाजूच्या सीटवर होतो, प्यायलेलो होतो, गाडी माझ्या ताब्यात होती. साहेबांना बरीच कामं होती, त्यामुळे बाहेर पडायला दोन वाजले. वकिलांनी माझी केस सोडली, त्यांचं बरोबरच आहे. तू ३१ ला ये आणि जे झालं ते सांग. आरशासमोर म्हणून बघायची गरज नाही.

परवा घड्याळजींकडे गेलो होतो. त्यांचं दुकान जिन्याखालच्या कोनाड्याएवढं आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. उजव्या हाताला प्लास्टर. डोळ्याला भिंग लावून डाव्या हातातल्या चिमट्याने एका बाईच्या घड्याळातला स्क्रू उचलायचा प्रयत्न करत होते. तो तीन वेळा निसटला. चौथ्या वेळी त्यांनी भिंग काढलं आणि मला बसायला सांगितलं. त्यांनी पहिलं काय विचारलं माहीत आहे? ती मुलगी बरी आहे का, असं विचारलं. तुझ्या हाताला फार हळुवारपणा आहे म्हणाले.

मग म्हणाले की पोलिसांनी त्यांना विचारलं होतं, गाडी येताना दिसली नाही का तुम्हाला? त्यांना दिसली होती. एरवी कुठलीही गाडी आली की ते पट्ट्यांवरसुद्धा थांबतात, कारण माणसाचा काय भरवसा. पण टपावर शाळेचा बोर्ड बघितला आणि ते निर्धास्त पुढे आले. शिकाऊ गाडीत दोन ब्रेक असतात, ती थांबतेच, असं म्हणाले. माझ्यावर ठपका ठेवायला नाही म्हणाले, सहज म्हणाले. मला तिथे बसवेना.

मुंगे, आता तुझ्या पत्राचं उत्तर देतो, जे मी मागच्या वेळी द्यायचं टाळलं. तू वाट बघितलीस ही शिकाऊ माणसाची चूक आहे, माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती केली आहे. सगळे माझ्या पायाची वाट बघतात. ती चूक धरण्यासाठीच मी बाजूला बसतो. तुझ्या आधी घड्याळजी मला दिसले. मी पाय मारला. ताकदीने मारला. तो क्लचवर पडला. बावीस वर्षांत जो पाय कधी चुकला नाही तो साडेतीन ग्लासांनी बोटभर बाजूला गेला, आणि उतारावर गाडी थांबायच्या ऐवजी आणखी मोकळी सुटली. तुला वाटलं मामाने काहीच केलं नाही. मामाने केलं, आणि म्हणूनच ती गाडी धावली. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते लपवून मी तुला तीन आठवडे कुढत ठेवलं, आणि वर कुणाचीच चूक नाही असं मोघम लिहिलं. त्याबद्दल मी तुझी माफी मागतो.

तुझ्या आईला सांग की तिने मागितलेली ओळ मी पाठवली आहे, जरा लांबली. रागवा दोघीही, पण दार बंद करू नका.

तुझा,
मामा

•

१२ जून

चि. बारकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि आजचे मनापासून.

तिकडे पत्र आधी साहेब लोक वाचतात असं कळलं. वाचू देत बापडे, त्यांनाही करमणूक हवी.

कोर्टात तुझी चार महिन्यांची कैद ऐकली तेव्हा माझा हात मुंगीने धरला होता. तीन वर्षं लायसन्स नाही हेही ऐकलं. मग न्यायाधीशबाईंनी परवाना कायमचा रद्द म्हटलं आणि तू मान हलवलीस, एखाद्या विद्यार्थ्याने बरोबर वळण घेतल्यावर हलवतोस तशी. तेव्हा मात्र मला तिथे बसवलं नाही. मुंगीचं नाव फक्त साक्षीदार म्हणून लागलं, कसलाही ठपका नाही. एक तारखेला ती हजर झाली. परवा एका आजोबांना तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवलं, चौघांत हीच सर्वांत बुटकी, आणि आजोबा सगळा जिनाभर हिलाच सूचना देत होते म्हणे. रात्री जेवताना आठवून आठवून हसली. टेबलाखाली मी हळूच पाहिलं, पाय मोकळा होता. घड्याळजींचं प्लास्टर निघालं आहे. बोटं हलतात, पण बारीक कामाला अजून दोन महिने म्हणतात. वहिनी दर आठवड्याला त्यांच्या व्यायामासाठी मऊ चेंडू घेऊन जाते. टपावरचे दोन्ही बोर्ड तिनेच उतरवून ठेवले.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. अडीच महिने पोटात ठेवलं आणि ते मला पचत नाही.

तुझं मुंगीला आलेलं २३ तारखेचं पत्र मी वाचलं होतं. तिच्या उशीखाली, त्या निवडीच्या पत्राबरोबर सापडलं. स्टेशनवर येईन, पायी जाऊ, असं लिहिलं होतंस. त्या क्षणी मी तुझ्यावर पाणी सोडलं. गुरुवारी आमचं दुकान बंद असतं. २७ ला पहाटे उठले, मुंगीला सांगितलं की मालकांकडे कार्य आहे, आणि पाच तास प्रवास करून तुझ्या गावी आले. तुझ्या घरी नाही. पोलीस ठाण्यात. बॅगेत पाकिटात घातलेला दोन पानी अर्ज होता, माझ्या हातचा. माझा भाऊ कुठे बसला होता, किती प्यायला होता, आणि माझ्या मुलीला काय खोटं बोलायला लावतो आहे, सगळं त्यात होतं. खाली माझी सही.

बारा वाजून गेले होते. मी टेबलापाशी तुझी केस म्हटलं, तर हवालदार म्हणाला की बाई, ते तर सकाळी दहापासून येऊन बसलेत, जबाब देताहेत. त्याने आत बोट दाखवलं. दारातून मला तू पाठमोरा दिसलास. टकलाचा गोल, खांदे पडलेले, समोर कागद. मी अर्ज परत बॅगेत टाकला आणि मिळेल त्या गाडीने घरी आले. तुला भेटले नाही, कारण कुठल्या तोंडाने भेटणार होते?

बारकू, तू दोन तास आधी पोचला नसतास तर तुला तुरुंगात तुझ्या बहिणीने धाडलं असतं. तू आपणहून मोठा झालास आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. ही गोष्ट तुझ्यापासून लपवून तुला राखी... नाही, तुला नुसतं तोंड दाखवायचीही मला लाज वाटते. आता माझ्यावर रुसायचं असलं तर तुझा हक्क आहे.

तरीही तुझीच,
ताई

•

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथे महिन्याला दोनच कागद मिळतात, त्यातला एक तुला. मी बरा आहे. मला वाहनांच्या शेडमध्ये काम दिलं आहे, चाकं धुतो. आमच्या शेडचा हवालदार गाडी मागे घेताना नेहमी भिंतीला लावतो आणि मी तोंडाला कुलूप घालून बघत उभा राहतो. खरी सक्तमजुरी ती आहे.

तुझं पत्र मी दोन दिवस खिशात ठेवलं. रुसलो नाही. तुला एक गोष्ट सांगायची की नाही ते ठरवत होतो.

ठाण्यातल्या हवालदाराने तुला सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मी दहाला आलो हे खरं. घड्याळजींच्या दुकानातून आल्यापासून दोन रात्री झोप नव्हती, तसाच उठून थेट तिथे गेलो. साहेबांनी कोरा कागद आणि पेन दिलं आणि ते दुसऱ्या कामाला लागले. मी वर तारीख लिहिली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. दोन तासांत तेवढंच. पुढची ओळ लिहिली की शिकवणं संपलं, हे मनातून जाईना. एकदा उठलो, दारापर्यंत गेलो, पाणी पिऊन परत आलो. दुसऱ्यांदा उठलो असतो तर परत आलो नसतो. साहेबांना सांगायचं वाक्यही तयार होतं की वकिलांना विचारून उद्या येतो.

माझ्या समोर फायलींचं कपाट होतं, काचेच्या दाराचं. बावीस वर्षं पुढे बघता बघता मागचं आरशात बघायची सवय, ती काही जात नाही. त्या काचेत तू दिसलीस. टेबलापाशी, डाव्या पायावर भार टाकून, हातात एक पाकीट. तू तिथे कशाला आली आहेस हे कळायला मला क्षणही लागला नाही. मी मान वळवली नाही. आता ती पाकीट देणार आणि सगळं संपणार, मला काही करावंच लागणार नाही, असं वाटून ताई, मला सुटल्यासारखं झालं होतं.

तू माझ्या पाठीकडे बघितलंस. मग पाकीट बॅगेत ठेवलंस, चष्मा काढून पुसलास, आणि निघून गेलीस. माझ्यावर सोपवून गेलीस. तेव्हा मी त्या विश्वासाच्या लायकीचा नव्हतो, कागद कोराच होता. पण तू विश्वास ठेवलास.

मग मी लिहायला घेतलं.

मुंगीला हे सांगू नकोस, असं लिहिणार होतो. पण तिलाही वाचायला दे. मामा आपणहून शहाणा झाला असं तिला वाटायला नको.

तुझ्या लोभावर उभा असलेला,
बारकू